घराचा आराखडा आणि पर्यावरणाचे निकष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॉटवर स्वतःचं घर बांधणारे आणि रिडेव्हलपमेंटच्या उंबरठ्यावर असलेल्या सोसायट्यांचे सभासद यांच्यासाठी हे पान आहे. आर्किटेक्टच्या टेबलापलीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या आणि थोडी गोव्यातल्या हवामानाला धरून आहेत.

ग्रीन बिल्डिंग म्हणजे गच्चीवर सोलर, एवढंच ना?

नाही. सोलर घर बांधून झाल्यावर दहा वर्षांनीही बसवता येतं. भिंतीची दिशा, खिडकीची जागा, दोन मजल्यांमधून जाणारे पाइप, स्लॅबची जाडी हे मात्र नंतर बदलत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी घरात उष्णता कमी शिरेल असं बघा, मग लागणारी वीज आणि पाणी कमी करा, आणि उरलेल्या गरजेसाठी सोलर लावा. लोक नेमका उलटा क्रम लावतात, कारण सोलर रस्त्यावरून दिसतं.

हे निकष कधी ठरवायचे? प्लॅन मंजूर झाल्यावर सल्लागार नेमला तर चालेल का?

चालेल, पण तोवर बरंच काही हातातून गेलेलं असतं. इमारत प्लॉटवर कशी वळवायची, जिना आणि लिफ्ट कुठल्या बाजूला, टॉयलेटच्या डक्ट कुठे, पार्किंग जमिनीवर की पोडियमवर, हे पहिल्या दोन-तीन स्केचमध्ये ठरतं. प्लॅन महापालिकेत दाखल झाल्यावर आलेला सल्लागार तुम्हाला एलईडी दिवे, पाणी वाचवणारे नळ आणि कमी व्हीओसीचा (हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) रंग सुचवेल. त्यात गैर काही नाही. पण पश्चिमेकडे तोंड करून बसलेली बेडरूम तो पूर्वेकडे नेऊ शकत नाही.

पहिल्या मीटिंगलाच आर्किटेक्टला एक प्रश्न विचारा: "एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता ऊन कुठल्या भिंतीवर असेल?" उत्तरादाखल त्याने लगेच पेन्सिल उचलली, तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात.

महाराष्ट्रभर एकच डिझाइन चालतं का?

अजिबात नाही. बांधकामासाठी देशाचे पाच हवामान विभाग मानतात: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, मिश्र, समशीतोष्ण आणि थंड. मुंबई, कोकण आणि गोवा उष्ण-दमट विभागात येतात, सोलापूर उष्ण-कोरड्यात, नागपूर मिश्र विभागात. सोलापूरच्या घराला जाड भिंत, लहान खिडकी आणि रात्री उघडता येणारी झडप हवी. रत्नागिरीच्या घराला वारा आरपार जाईल अशा समोरासमोरच्या खिडक्या आणि मोठ्या पागोळ्या हव्यात. रत्नागिरीत जाड भिंतीचा तसा उपयोग नाही, कारण तिथे दिवसा आणि रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. दिवसभर साठवलेली उष्णता सोडायला थंड रात्रच मिळत नाही.

नागपूरकरांचं काम सर्वांत अवघड. मे महिन्यात लू, जुलैत दमट हवा, डिसेंबरात थंडी, आणि घर तेच. कूलर मेमध्ये छान चालतो, जुलैत तोच घर चिकट करतो. म्हणून मिश्र हवामानात उघडता आणि बंदही करता येतील अशा गोष्टींना महत्त्व आहे: झडपा, बाहेरच्या चिका (कामट्यांचे पडदे), पडवीला लावायचे ताट्यांचे पडदे. वाळ्याचे पडदे आता फारसं कुणी लावत नाही, पण त्यामागचं गणित अजून खरं आहे.

दक्षिणेची खिडकी वाईट आणि उत्तरेची चांगली, असं ऐकलं आहे. खरं आहे?

अर्धवट खरं. खरी डोकेदुखी पश्चिमेची आहे, आणि हे आकड्यांनी समजून घेतलेलं बरं.

पुणे साधारण १८.५ अंश अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४८ अंशांवर असतो. उन्हाळ्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो, आणि मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला झुकलेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला की मार्च-एप्रिलच्या दुपारी ती पूर्ण सावलीत, आणि डिसेंबरात खालच्या अर्ध्या भागातून कोवळं ऊन आत. इतक्या स्वस्तात इतकं काम करणारी दुसरी गोष्ट घरात सापडायची नाही.

आता पश्चिम बघा. एप्रिलच्या मध्यात दुपारी साडेचारला पुण्यात सूर्य साधारण ३३ अंशांवर असतो, बरोबर समोर. त्याच दोन फुटांच्या छज्जाची सावली खिडकीवर जेमतेम सव्वा फूट उतरते. चार फूट उंचीच्या खिडकीचा उरलेला पावणेतीन फुटांचा भाग उन्हात. साडेपाचला तर छज्जा नुसता शोभेचा. पश्चिमेला छज्जा लांबवून उपयोग होत नाही, तिथे उभे पडदे लागतात: उभ्या फिन (भिंतीतून बाहेर आलेल्या पट्ट्या), सरकते लाकडी किंवा अॅल्युमिनियमचे लूव्हर, जाळीदार विटांची भिंत, खोल बाल्कनी किंवा झाड. किंवा सरळ त्या बाजूला जिना, लिफ्ट, स्टोअर, बाथरूम टाका. ही युक्ती फुकट आहे.

मुंबईत तर पेच मोठा आहे. समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, आणि ऊन-पाऊसही त्याच बाजूचा. पेडर रोडजवळच्या 'कांचनजंगा' या टॉवरमध्ये (१९८३) आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी यावर दिलेलं उत्तर आजही जाऊन पाहण्यासारखं आहे. खोल्या थेट बाहेरच्या कडेला न आणता मध्ये दुप्पट उंचीच्या अंगणवजा गच्च्या सोडल्या. ऊन आणि पाऊस त्या झेलतात, वारा आत येतो. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचंच तत्त्व आकाशात नेलं. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत आपण त्याच शहरात काचेचे सपाट टॉवर का बांधत सुटलो, याचं उत्तर 'कार्पेट एरिया' या दोन शब्दांत आहे.

आम्ही वास्तू बघतो. ते आणि हे जमतं का?

बऱ्याच वेळा जमतं. आग्नेयेचं स्वयंपाकघर घ्या. आपल्याकडे वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे आग्नेयेच्या स्वयंपाकघरातला धूर-वास घरभर फिरण्याऐवजी बाहेर जातो. सकाळचं ऊनही मिळतं. पूर्वेचं दार, ईशान्येकडे मोकळी जागा यालाही हरकत घेण्यासारखं काही नाही.

गाडी अडते ती नैर्ऋत्येच्या मास्टर बेडरूमवर. त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाहेरच्या भिंती दुपारपासून तापत राहतात. नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. दुपारी तीनला बाहेर बसलेला चटका रात्री नऊ-दहाला, नेमकं झोपायच्या वेळी, पलंगाच्या उशाशी पोचतो. मग एसी लावायचा आणि भिंतीशी भांडायचं.

आजी-आजोबांचा आग्रह मोडायचा नसेल तर मधला रस्ता आहे. त्या खोलीच्या पश्चिम भिंतीला आतून पूर्ण लांबीचं कपाट द्या, किंवा अटॅच्ड बाथरूम त्याच बाजूला घ्या. बाहेरची भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) किंवा मध्ये पोकळी सोडून दुहेरी करा. मोठी खिडकी दक्षिणेला, पश्चिमेला वर एक छोटी झडप, गरम हवा बाहेर जायला. वास्तूवाले खूश, झोपणारेही खूश.

खिडकी किती मोठी असावी?

काच किती मोठी हे कमी महत्त्वाचं, उघडते किती हे जास्त. निवासी इमारतींसाठी केंद्राची 'इको निवास संहिता' (२०१८) आहे. तिच्यात घराच्या चटईक्षेत्राच्या प्रमाणात बाहेर उघडणारं क्षेत्रफळ किमान किती हवं ते दिलं आहे: उष्ण-दमट भागात १६.६६ टक्के, मिश्र आणि समशीतोष्ण भागात १२.५ टक्के, उष्ण-कोरड्यात १० टक्के. हिशेब पूर्ण फ्लॅटचा असतो आणि बाहेर उघडणारी बाल्कनीची दारंही त्यात धरतात.

एका खोलीवर हे ताडून बघू. ठाण्यातली १२० चौरस फुटांची बेडरूम. सहावा हिस्सा म्हणजे २० चौरस फूट उघडायला हवेत. प्लॅनवर खिडकी ५ बाय ४ ची, म्हणजे बरोबर २०. छान. पण ती दोन ट्रॅकची स्लायडिंग आहे, एक पल्ला दुसऱ्यावर सरकतो, म्हणून उघडते फक्त अर्धी. मिळाले १० चौरस फूट. त्यात मच्छरदाणीचा पल्ला, ग्रिल, आणि बाहेर टांगलेलं एसीचं युनिट. बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी असती तर १८ च्या घरात मिळाले असते. बिल्डर स्लायडिंग देतो कारण ती स्वस्त पडते, वाऱ्यात आपटत नाही, आणि पल्ला कुणाच्या डोक्यात पडण्याची भीती नाही. उंच मजल्यावर शेवटचा मुद्दा खराही आहे. मग निदान तीन ट्रॅकची मागा. तीन काचेच्या पल्ल्यांपैकी दोन एका बाजूला सरकले की दोनतृतीयांश उघडते. तिसरा पल्ला जाळीचा असेल तर मात्र हे गणित बदलतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी अट अशी की हवेला आत यायला जागा हवी, तशी बाहेर जायलाही हवी. एकाच भिंतीत दोन खिडक्या घेऊन क्रॉस व्हेंटिलेशन होत नाही. फ्लॅटच्या मुख्य दाराला सेफ्टी डोअर आणि वर झडप ही जुनी चाळीतली सोय इथे उपयोगी पडते.

भिंत कशाची? लाल वीट, एएसी ब्लॉक, फ्लाय अॅश, की काँक्रीट?

उष्णता किती वेगाने आत शिरते ते यू-व्हॅल्यूने मोजतात, आकडा जितका कमी तितकं चांगलं. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या नऊ इंची लाल विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू २ च्या आसपास. २०० मिलिमीटर एएसी ब्लॉकची ०.७५ च्या आसपास. आणि १६० मिलिमीटर काँक्रीटच्या भिंतीची साडेतीनच्या आसपास.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा, कारण हल्लीचे बहुतेक उंच टॉवर तसेच बांधले जातात: अॅल्युमिनियम शटरिंग लावून भिंत आणि स्लॅब एकत्र ओततात, साइटवर सगळे त्याला 'मायव्हान' म्हणतात. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात, गळती कमी, भूकंपाला मजबूत. पण पश्चिमेची अशी भिंत एएसीच्या चौपटीहून जास्त उष्णता आत सोडते. त्यावर उपाय नाही असं नाही. बाहेरून इन्सुलेशनचा थर देता येतो, सावलीच्या फिन देता येतात, निदान त्या बाजूला फिकट रंग देता येतो. ब्रोशरमध्ये गडद चॉकलेटी रंगाचा टॉवर झकास दिसतो, आणि त्या रंगाची किंमत वरच्या मजल्यावरचा माणूस विजेच्या बिलात भरतो.

एएसी हलका असतो (घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, विटेच्या एकतृतीयांश), त्यामुळे इमारतीचं वजन आणि थोडं स्टीलही कमी होतं. तक्रारी येतात त्या बांधणीच्या. ब्लॉक विटेसारखे पाण्यात बुडवून लावायचे नसतात. जाड सिमेंट-वाळूच्या सांध्याऐवजी तीन मिलिमीटरचं ब्लॉक अॅडहेसिव्ह वापरायचं असतं. कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे जाळी मारून मगच प्लास्टर. ही जाळी वाचवली की पहिल्या उन्हाळ्यात तिथे सरळ उभी भेग येणार म्हणजे येणार. कोकणात बाहेरून दोन थरांचं प्लास्टर हवंच, कारण हा ब्लॉक पाणी पितो.

फ्लाय अॅशची वीट चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, एकलहरे यांच्या आसपास सहज मिळते. औष्णिक केंद्राच्या राखेचा सदुपयोग होतो आणि सुपीक माती वाचते. उष्णतेच्या बाबतीत मात्र ती लाल विटेहून फार वेगळी नाही. स्वतःचं छोटं घर असेल तर लाल विटेचाच रॅट-ट्रॅप बाँड बघा. विटा आडव्याऐवजी उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. विटा साधारण चौथ्या हिश्शाने वाचतात, आणि पोकळीमुळे भिंत थंड राहते. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळमध्ये ही पद्धत घरोघरी नेली. आपल्याकडे अडचण एकच, ती जमणारा गवंडी शोधावा लागतो.

आजोबांचं दगड-मातीचं घर थंड होतं. तसंच बांधू का?

थंड होतं हे खरं. मराठवाड्यातली माळवदाची घरं, कोकणातली चिऱ्याची आणि मंगलोरी कौलांची घरं, देशावरचे चौकाचे वाडे, सगळी आपापल्या हवेला धरून होती. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं तेही विसरता येत नाही. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद. भूकंपात भिंतींचे दोन पदर सुटले आणि छत झोपलेल्या माणसांवर आलं. दोष दगडाचा नव्हता. भिंतीचे पदर बांधणारे आडवे दगड नव्हते, आणि कोपरे जखडून ठेवणारे पट्टे नव्हते.

म्हणून दगड, चिरा, माती जरूर वापरा, पण जोत्याला आणि लिंटेलला आरसीसीचा सलग पट्टा, कोपऱ्यात उभ्या सळ्या, हलकं छत, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. कोकण-गोव्यात चिरा आजही सर्वांत शहाणा पर्याय आहे: खाण जवळ, वाहतूक कमी, भट्टी नाही.

वरच्या मजल्यावर राहतो. गच्ची तापते. काय करावं?

एकमजली घरात काय, सर्वांत वरच्या मजल्यावर काय, उष्णतेचं मुख्य दार गच्ची असते. आपला नेहमीचा ब्रिकबॅट कोबा उतार देतो आणि पाणी अडवतो, उष्णता फारशी अडवत नाही. स्लॅब आणि कोबा मिळून यू-व्हॅल्यू सव्वादोनच्या आसपास राहते. इको निवास संहिता १.२ च्या आत मागते. ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस किंवा पफचा (उष्णता अडवणाऱ्या फोमचा) थर घातला की आकडा ०.५ च्या आसपास येतो. नवीन बांधकामात हा थर वॉटरप्रूफिंगच्या वर, कोबाच्या खाली घ्या.

जुनी इमारत असेल तर सर्वांत आधी पांढरा पृष्ठभाग. चायना मोझॅक लावलेल्या जुन्या गच्च्या याच कारणासाठी बऱ्या. नुसता चुनाही चालतो, पण दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो. कूल रूफ पेंट महाग, पण काही वर्षं टिकतो, मात्र धुवावा लागतो. धुळीने करडा झाला की परिणाम गेला. आणि सोलर पॅनेल लावणार असाल तर त्याखालचा स्लॅब आपोआप सावलीत जातो.

रेन वॉटर हार्वेस्टिंग खरंच चालतं, की कागदावरच?

दोन्ही प्रकार आहेत. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (२०२०) ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर ते बंधनकारक आहे, म्हणून खड्डा सगळेच खणतात. तो भरतो का आणि रिकामा होतो का, हे फार थोडे बघतात.

गणित सोपं आहे. १०० चौरस मीटरची गच्ची, ७०० मिलिमीटर पाऊस, त्यातला ८० टक्के हाती लागला, तर वर्षाला ५६,००० लिटर. हे पाणी चार महिन्यांत आणि मुख्यतः मोजक्या जोरदार सरींमध्ये येतं. कुठे ठेवायचं, हा खरा प्रश्न. देशावर खाली बेसॉल्ट आहे. अखंड काळा दगड लागला तर पाणी मुरत नाही, खड्ड्याचं डबकं होतं. भेगाळलेला किंवा सच्छिद्र थर लागला तर झपाट्याने उतरतं. म्हणून खड्डा खणण्याआधी साध्या चाचणीने बघा. बोअरमध्ये टँकर रिकामा करा आणि पातळी किती वेळात उतरते ते मोजा. उतरत नसेल तर मुरवण्याचा हट्ट सोडून टाकी बांधा. गच्चीचं पाणी गाळून अंडरग्राउंड टाकीत घ्या आणि पावसाळ्यातले चार महिने तेवढे टँकर कमी मागवा.

बोअरमध्ये पाणी सोडायचं असेल तर फक्त गच्चीचं, पहिल्या पावसाचं पाणी वळवून, फिल्टरमधून. पार्किंगचं ऑइल मिसळलेलं पाणी बोअरमध्ये सोडणं म्हणजे स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या विहिरीत घाण टाकणं. ते लॉनमध्ये किंवा जाळीदार पेव्हरखाली मुरू द्या.

कोकणात प्रश्न वेगळा. तिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात. जांभ्यातून पाणी मुरतं, पण टिकत नाही, उतारावरून निघून जातं. तिथे साठवणीची टाकीच कामाची.

सोसायटीत एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) आहे, पण बंद आहे. मग उपयोग काय?

हा प्रकार इतका सर्रास आहे की नवल वाटत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत ब्लोअर घुमतो, ताबा दिल्यावर सहा महिन्यांत विजेचं बिल आणि वास यांच्या नावाने बंद पडतो. चूक बहुधा डिझाइनमध्ये असते. यंत्रणा पार्किंगच्या कोपऱ्यात, हवा खेळत नाही, गाळ काढायला माणूस उतरू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे शुद्ध झालेलं पाणी न्यायला पाइपच नाहीत.

फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन आणि गच्चीवर वेगळी टाकी, ज्याला दुहेरी प्लंबिंग म्हणतात, ती बांधतानाच घालावी लागते. नंतर ती घालायची म्हणजे शंभर बाथरूम फोडायची. आकडे बघा. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातले ४५ लिटर फ्लशचे. शंभर फ्लॅट, घरटी चार माणसं, तर रोज १८,००० लिटर. दहा हजारी टँकरच्या हिशेबात जवळजवळ दोन टँकर रोज. ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरवरून जनरल बॉडीत भांडणं होतात, तिने हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा.

सोलर किती लावायचं आणि अनुदान किती?

ढोबळ मान असं: एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त गच्ची, रोजचे चार युनिट. 'पीएम सूर्यघर' योजनेत (२०२४) घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये. अर्ज करण्याआधी चालू नियम पोर्टलवर बघून घ्या.

डिझाइन करताना लिफ्टची मशीन रूम, पाण्याची टाकी आणि पॅरापेट यांची सावली गच्चीच्या उत्तरेला पडेल अशी मांडणी ठेवा. म्हणजे उंच गोष्टी उत्तरेकडे आणि पॅनेल दक्षिणेकडे. रिडेव्हलपमेंट करारात गच्चीचा हक्क सोसायटीकडेच राहील हेही बघा, नाहीतर पॅनेल लावायला बिल्डरची परवानगी मागत बसाल.

सिमेंट आणि स्टीलचं काय? तेही मोजतात का?

आता मोजायला लागले आहेत, आणि उशीरच झाला आहे. सिमेंटचा मुख्य घटक क्लिंकर, तो एक टन बनवताना साधारण ०.८ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला मोठा भाग इंधनाचा नसून चुनखडी तापल्यावर तिच्यातूनच सुटतो, त्यामुळे भट्टी सोलरवर चालवली तरी तो जात नाही. एक टन स्टीलमागे दोन टनांहून जास्त. म्हणून ओपीसीऐवजी (साध्या सिमेंटऐवजी) पीपीसी (३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय अॅश) किंवा स्लॅग सिमेंट (पीएससी) वापरणं हा सोपा बदल आहे. त्याची ताकद सावकाश वाढते, म्हणून क्युरिंग आणि शटरिंग काढण्याची घाई चालत नाही. नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) हे तर बहुतेक ठिकाणी झालंच आहे.

पण सर्वांत मोठी बचत इंजिनिअरच्या टेबलावर होते. कॉलमची रांग खालच्या पार्किंगपासून गच्चीपर्यंत सरळ राहिली तर ट्रान्सफर बीम (वरच्या कॉलमचा भार बाजूच्या कॉलमवर नेणारे जड बीम) लागत नाहीत. एका वेड्यावाकड्या रचनेत तेवढं स्टील जातं की वरचे सगळे ग्रीन फिटिंग त्याची भरपाई करू शकत नाहीत.

रिडेव्हलपमेंटबद्दल एक अप्रिय गोष्ट. तीस-पस्तीस वर्षांची, दुरुस्त होऊ शकणारी इमारत पाडून तिच्या तिप्पट मोठी बांधणं आणि तिला ग्रीन सर्टिफिकेटचा प्लॅटिनम बिल्ला लावणं, याला पर्यावरणपूरक म्हणणं मला जड जातं. आधी स्ट्रक्चरल ऑडिट प्रामाणिकपणे करून घ्या. पाडणंच भाग असेल तर दारं, खिडक्या, सागवान, शहाबादी फरशी, स्टील वेगळं काढा आणि राडारोडा नाल्याकाठी न टाकता प्रक्रिया केंद्राकडे गेल्याच्या पावत्या मागा.

कुठलं सर्टिफिकेट घ्यावं? त्यातून एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) वाढवून मिळतो म्हणे?

भारतात मुख्यतः चार चालतात. ग्रिहा (टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांचं, एक ते पाच तारे), आयजीबीसी (सीआयआय या उद्योग संघटनेची, सर्टिफाइडपासून प्लॅटिनमपर्यंत), अमेरिकेची लीड, आणि आयएफसीची (जागतिक बँक गटातल्या संस्थेची) एज, जी ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य यांत प्रत्येकी किमान २० टक्के बचत मागते. २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी ग्रिहाचीच 'स्वग्रिहा' आहे. बंगल्याला सर्टिफिकेटची गरज नाही. तो पैसा गच्चीच्या इन्सुलेशनमध्ये घाला.

एफएसआयचं खरं आहे. मुंबई महापालिका वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या त्याच एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ग्रिहा तीन तारे किंवा सिल्व्हरला मूळ एफएसआयच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५, आणि पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के वाढीव मिळतात. पुण्यात सोलर, गांडूळखत आणि पर्जन्यजल यांपैकी एक असेल तर मालमत्ता करात ५ टक्के, अधिक असतील तर १० टक्के सवलत आहे, मात्र यंत्रणा चालू हवी.

सर्टिफिकेट गुणांवर मिळतं, आणि गुण कुठून मिळवायचे हे बिल्डर ठरवतो. सायकल स्टँड, फलक, झाडांच्या देशी जाती यांतून सोपे गुण गोळा करता येतात. म्हणून बिल्ला किती मोठा हे विचारू नका, स्कोअरशीट मागा, आणि ऊर्जा व पाणी या रकान्यांत किती गुण मिळाले तेवढंच बघा.

खर्च किती वाढतो?

एक टक्केवारी सांगणारा माणूस बहुधा काहीतरी विकतो आहे. दिशा, जिन्याची जागा, फिकट रंग, सरळ कॉलम यांना खर्च नाही. एएसी आणि क्रश सँड यांनी खर्च वाढतोच असं नाही. गच्चीचं इन्सुलेशन, चांगली काच, दुहेरी प्लंबिंग यांना वाढतो. मोठी काच लावून मग ती तापू नये म्हणून महाग काच लावणं, हा सर्वांत हास्यास्पद खर्च. काच लहान करा, दोन्ही खर्च वाचतात.

फ्लॅट जुना आहे, भाड्याचा आहे. आमच्या हातात काय?

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक किंवा बांबूचा पडदा. आतून लावलेला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. साधा पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या घरात हा बदल लवकर वसूल होतो. नळांना एअरेटर (पाण्यात हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी). बस्स.

बिल्डरकडून करारात काय लिहून घ्यायचं?

"ग्रीन फीचर्स" असा मोघम शब्द नको. बाहेरच्या प्रत्येक दिशेच्या भिंतीचं साहित्य आणि जाडी. गच्चीच्या इन्सुलेशनची जाडी आणि यू-व्हॅल्यू. खिडकीचं उघडणारं क्षेत्रफळ, काचेचं नव्हे. इको निवास संहितेचा आरईटीव्ही आकडा (बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत येते त्याचं माप), जो उष्ण हवामानाच्या विभागांत १५ वॉट प्रति चौरस मीटरच्या आत असायला हवा, त्याच्या हिशेबासह. फ्लशची वेगळी पाइपलाइन. एसटीपी आणि सोलर ताब्यानंतर किमान दोन वर्षं बिल्डरने चालवून दाखवायचे. वाढीव एफएसआय घेतला असेल तर अंतिम सर्टिफिकेट, कारण सुरुवातीला मिळतं ते तात्पुरतं असतं. आणि सगळ्या पाइप, वायर, टाक्यांचे प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे काढलेले नकाशे, कागदावर आणि सॉफ्ट कॉपीतही. हे नकाशे नसतील तर पाच वर्षांनी गळती कुठल्या डक्टमध्ये आहे ते शोधायला तीन फ्लॅटच्या फरशा उचकाव्या लागतात.